कचारगडची गुहा आणि आमचे अबोल सैनिक

माघ पौर्णिमेस कचारगडी जाणाऱ्या समाजबांधवांस तेथील गुहेची कथा नव्याने सांगावयास नको. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा चोहोंकडून लोक सालेकसा तालुक्यातील या डोंगरात येतात, ते काली कंकालीच्या बालकांची ती बंदिशाळा पाहावयास. पहांदी पारी कुपार लिंगो आणि रायताड जंगो यांनी त्या बालकांच्या मुक्तीचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीराने किंगरी वाजविली, त्या सुरांनी आतील मुलांच्या अंगी बळ संचरले आणि त्यांनी दारावरची प्रचंड शिळा लोटून दिली. ती शिळा कोसळली ती हिरासुकाच्याच अंगावर. कथेचे पाठभेद असतील. परंतु हा भाग सांगताना वृद्ध मंडळींचा आवाज आजही खाली येतो.

हिरासुकाचे नाव टिकले, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या सांगणारे होते. इतिहासकाळात मात्र आमच्या हातून तसे घडले नाही. कचारगडाच्या दक्षिणेस, चांद्याच्या रानात, मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील वीर बाबुराव शेडमाके यांनी १८५७-५८ मध्ये गोंड तरुणांची फौज उभारली. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरी येथे ती इंग्रजांशी लढली. २९ एप्रिल रोजी चिंचगुंडीच्या छावणीत गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन अधिकारी मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांस चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले, हे उचितच झाले. परंतु त्यांच्यासमवेत जे लढले त्या फौजेत सुमारे ५०० तरुण होते, असे सांगतात. त्यांतील किती जणांची नावे आम्हांस सांगता येतील? जे वाचले ते आपापल्या गावी परतले असतील, नांगरास लागले असतील, आणि जप्तीच्या भयाने म्हणा वा स्वभावाने म्हणा, गप्प राहिले असतील. त्यांचे मौन समजण्यासारखे आहे. आमच्या मौनास तसे कारण नाही.

अलीकडचे उदाहरण घेऊ. लान्स नायक अल्बर्ट एक्का हे उरांव समाजाचे, आजच्या झारखंडातील गुमला जिल्ह्याचे. ते आमच्या समाजाचे नव्हत, तथापि आदिवासी म्हणून आमचे बंधूच; आणि ज्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सच्या १४ व्या पलटणीत ते होते, त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीस आहे. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री, आगरतळ्याच्या पश्चिमेस गंगासागर येथे, त्यांनी शत्रूच्या मोर्च्यात शिरून संगिनीने मशीनगन बंद पाडली. जखमी असताही ते पुढे गेले. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन पलटणीचा घात करीत होती; त्यांनी आत बाँब फेकला, भिंत चढून आत प्रवेश केला आणि तीही शांत केली. त्यानंतर त्यांनी प्राण सोडला. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जे त्या रात्रीनंतर घरी परतले, त्यांस मात्र कोणी काही विचारले नाही.

गतवर्षीच्या जत्रेत धनेगावाकडून येणाऱ्या वाटेवर आम्हांस एक वृद्ध निवृत्त नायक भेटले. डोक्यास साधे पांढरे फडके, हाती काठी. आम्ही सैन्यातील दिवसांविषयी विचारले. "नोकरी केली, पगार घेतला, पेन्शन खातो," एवढेच ते बोलले, आणि गुहेच्या चढणीवर आमच्या सोबतच्या बाईंचे गाठोडे त्यांनी आपण होऊन उचलले. पुढे त्यांच्या घरी जाणे झाले. जमिनीच्या कागदांसोबत पेटीत ठेवलेले सैन्याचे डिस्चार्ज बुक त्यांच्या नातवाने काढून वाचले. त्यात पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल यांची नोंद होती. १९७१ च्या युद्धात आपले आजोबा पूर्व सीमेवर होते, हे त्या मुलास त्या दिवशी प्रथम कळले. आजीसही ठाऊक नव्हते, ती एवढेच म्हणाली, "त्या साली पत्र येत नव्हते."

सैनिकाची नम्रता हा गुण होय, यात शंका नाही. परंतु त्या नम्रतेचा आम्ही आपल्या सोयीने उपयोग करून घेतला आहे. ते बोलत नाहीत, म्हणून आम्ही विचारीत नाही. ते पुढे येत नाहीत, म्हणून आमच्या समारंभांत पहिला हार देणगीदारास आणि पहिली खुर्ची पुढाऱ्यास. (हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही.) ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी डबीत नाणे टाकले की आमचे कर्तव्य संपते.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. घरातील पेट्या उघडाव्या. आजोबा, काका, मामा, ज्यांनी सैन्यात सेवा केली, त्यांचे नाव, गाव, पलटण, भरतीचे व निवृत्तीचे वर्ष आणि मिळालेली पदके एका कागदावर लिहून पुढील माघ पौर्णिमेपूर्वी मंडळाकडे पाठवावी. ते स्वतः सांगणार नाहीत, तेव्हा डिस्चार्ज बुक पाहून लिहावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर नातवंडांस वाचावयास सांगावे आणि ते वाचीत असता म्हाताऱ्यास जवळ बसवावे. उपरोक्त नायकांच्या नातवाने पहिला कागद आमच्याकडे आणून दिला आहे. त्यावर आजोबांनी स्वतः एकच दुरुस्ती केली : गावाच्या नावातील एक काना राहिला होता, तो त्यांनी घातला.