दाढीचा लाकडी कंगवा आणि पनवेल-न्हावा शेव्याचे उरलेले लाकूड

दाढीच्या कंगव्याला लाकूड फार लागत नाही. टीचभर लांब, दोन-तीन बोटे रुंद आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड फळी पुरते. त्यासाठी अख्खा ओंडका चिरण्याची गरज नसते. मोठ्या कामातून उरलेल्या तुकड्यावरही भागते. आज नवी मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात असे लाकूड गेल्या दोनशे वर्षांत तीन वाटांनी आले: बैलगाडीच्या चाकांचा धंदा, मुंबईतल्या जुन्या इमारतींचे सागवान आणि बंदरावर उतरणारी खोकी.

दाढी विंचरण्याची गरज मात्र याहून कितीतरी जुनी आहे. इस्राएलमधील लाखिश येथे सापडलेल्या हस्तिदंती फणीवर कनानी लिपीतली १७ अक्षरे कोरलेली आहेत. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जाव्यात, अशी इच्छा त्यांत व्यक्त झाली आहे. २०२२ मध्ये या लेखाचे वाचन प्रसिद्ध झाले. फणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची मानली जाते.

मराठी घरांत उवा-लिखा काढायला दोन्ही बाजूंनी बारीक दात असलेली फणी आणि गुंता सोडवायला विरळ दातांचा कंगवा, अशी विभागणी होती. देवीची ओटी आणि सौभाग्यवाणात फणी-करंड्याचा मान आजही आहे. फण्या-कंगव्यांसाठी शिसव आणि हेदू यांसारखी घट्ट लाकडे वापरली जात. सेल्युलॉइड आणि पुढे प्लास्टिक आल्यावर लाकडी कंगवा रोजच्या वापरातून मागे पडला.

शीख समाजात तो मागे पडला नाही. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली. पंथाच्या पाच ककारांपैकी, म्हणजे ‘क’ने सुरू होणाऱ्या पाच धर्मचिन्हांपैकी, कंघा हा एक आहे. तो परंपरेने लाकडी असतो आणि पगडीखाली केसांत खोवला जातो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे निधन जिथे झाले त्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याभोवतीच्या बाजारात कडे, किरपाण आणि कंघे विकले जातात. मुंबईतला लोखंड-पोलादाचा बाजार नवी मुंबईतल्या कळंबोलीला हलल्यावर तिथे मालवाहतुकीचा धंदा वाढला आणि त्यात शीख ट्रकमालक व चालकही स्थिरावले. नवी मुंबईत लाकडी कंगवा रोज वापरणारा हा मोठा वर्ग आहे.

लाकडाच्या तीन वाटांपैकी पहिली पनवेलची. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेल बंदर व पुणे यांच्यात बैलगाड्यांची वर्दळ वाढली. गाडीचे चाक घडवणे हा पनवेलचा प्रमुख उद्योग असल्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत आहे; देशावर जाणारे गाडीवान इथूनच चाके घेत. तुंबा, आरे आणि वरची लोखंडी धाव यांचा ताण सोसायला टणक, मुरलेले लाकूडच लागे. पुढे रेल्वे आणि मोटारी आल्या, तसा हा धंदा आटत गेला.

दुसरी वाट सागवानाची. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशातल्या सागाचा मोठा व्यापार केला. तिला ठोठावलेल्या दंडावरून पेटलेला वाद हे १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे एक निमित्त ठरले. मुंबईच्या जुन्या घरांच्या आणि चाळींच्या तुळया, जिने व चौकटी सागाच्या असत. इमारत पाडली की हे लाकूड जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे जाते. शंभर वर्षे वाळलेली तुळई आता फारशी आकसत नाही की वाकत नाही, म्हणून तिचा तुकडाही सुतार टाकून देत नाही.

तिसरी वाट बंदराची. नवे शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कंटेनरमधून आलेल्या यंत्रांची खोकी आणि पॅलेट उरण-पनवेल भागातल्या गोदामांतून भंगारात निघतात. हे लाकूड बहुधा पाइनचे असते. लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यानुसार लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस ठेवावे लागते किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी देण्यासारखा मान्य उपाय करावा लागतो. उष्णता दिलेल्या लाकडावर ‘एचटी’, तर धुरी दिलेल्यावर ‘एमबी’ असा छाप असतो. कंगवा तोंडाजवळ वापरायचा असल्याने एमबीचा आणि बिनछापाचा तुकडा टाळलेला बरा.

तुकडा कुठलाही असो, आधी खिळे उपटून, रंधा मारून आतले लाकूड उघडे करावे लागते. गाठ किंवा चीर दिसली तर तो भाग बाद होतो. कंगव्याचा सगळा जीव रेषेच्या दिशेत असतो. लाकडाची रेषा दातांच्या लांबीला समांतर हवी. ती आडवी गेली तर दात पहिल्याच गुंत्यात मोडतो. पेन्सिलने दात आखून बारीक करवतीने फटी पाडतात. दाढीचे केस डोक्याच्या केसांपेक्षा जाड आणि कुरळे असतात, म्हणून फट साधारण दीड ते दोन मिलिमीटर ठेवतात. फटीच्या बुडाशी आधी लहान भोक पाडले तर चीर पुढे सरकत नाही.

खरे कष्ट यानंतरचे. दुमडलेला पॉलिश पेपर प्रत्येक फटीतून फिरवून करवतीचे ओरखडे घालवावे लागतात, नाहीतर केस अडकून ओढले जातात. दातांची टोके कानशीने गोल केली की ती कातडीला बोचत नाहीत. सागात सिलिका असल्याने करवतीची धार लवकर जाते आणि त्याचा भुसा काहींना बाधतो, म्हणून नाकातोंडाला फडके बांधतात. पाइन कापायला सोपे, पण मऊ. त्याचे दात जाड आणि आखूडच ठेवावे लागतात. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात देतात. ते वाळून लाकडावर थर धरते. खोबरेल तसे वाळत नाही. त्यावर मधमाशांचे मेण घासले की कंगवा वापरायला तयार होतो. तो पाण्यात भिजवायचा नसतो. दातांतला मळ कोरड्या ब्रशने काढला आणि अधूनमधून तेलाचे बोट फिरवले की पुरते.