एका भुयारी खेळाची कुळकथा

मागल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्या घरी राहावयास आला होता. एके दुपारी तो मोबाईल घेऊन मजपाशी आला व म्हणाला, "मामा, माझा माणूस मेला. चाळीस रुपये दिले तर तो परत उठेल. देऊ का?" मी पैसे नाकारले हे सांगावयास नकोच, परंतु त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. खेळात मरण यावे हे जुनेच आहे. त्या मरणाच्या दारात दुकान मांडावे, ही कल्पना मात्र नवी होय. ज्या कुळातला म्हणून तो खेळ मिरवीत होता, त्या कुळात तर तिला मुळीच थारा नव्हता.

या कुळाचा मूळ पुरुष 'रोग' नावाचा खेळ. आपल्या रोगराईशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ लुच्चा, भामटा असा आहे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघा विद्यार्थ्यांनी तो रचावयास घेतला. त्या काळी संगणकावर गुहेतल्या साहसाचा जो खेळ प्रसिद्ध होता, त्यात एक उणीव होती. गुहा नेहमी तीच असे. कोडे एकदा सुटले की गोडी संपे. या मुलांना असा खेळ हवा होता की, जो त्याच्या कर्त्यांनाही चकित करील. म्हणून त्यांनी भुयाराचा नकाशा आखलाच नाही. तो दर डावाला संगणकानेच नव्याने पाडावा अशी योजना केली. पुढे टॉय बर्कलीस गेला व केन अर्नोल्ड त्यास येऊन मिळाला. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटविण्याची युक्ती याच अर्नोल्डने सिद्ध केली होती, आणि तिच्याच आधारावर हा खेळ उभा राहिला. चित्रे नव्हतीच. खेळाडू म्हणजे आज आपण ईमेलच्या पत्त्यात लिहितो ते चिन्ह. इंग्रजी वर्णमालेतले एकेक मोठे अक्षर म्हणजे एकेक राक्षस. सव्वीसाव्या मजल्यापर्यंत उतरावयाचे, येंडरचा ताईत हस्तगत करावयाचा आणि तो घेऊन जिवंत वर यावयाचे. येंडर हे नाव 'रॉडनी' उलटे वाचून केलेले आहे. विद्यार्थ्यांची गंमत, दुसरे काय!

आता महत्त्वाची गोष्ट. अर्धा डाव साठवून ठेवता येई. परंतु पुन्हा उघडताच ती साठवण पुसली जाई. मेलात तर मेलात. पुन्हा पहिल्या मजल्यापासून आरंभ. वरवर पाहता हा निर्दयपणा वाटेल. परंतु त्यामुळेच, अनोळखी रंगाचे औषध प्यावे की न प्यावे, याचा विचार करताना खेळाडूचा हात थबकत असे. मरण पुसता आले असते, तर विचार कोणी केला असता?

१९८३ साली बर्कलीच्या संगणक-प्रणालीबरोबर हा खेळ ठिकठिकाणच्या विद्यापीठांत पोहोचला. पुढे तो विकण्याचाही यत्न झाला, पण तो फारसा फळला नाही. वंश मात्र वाढला. १९८७ च्या जुलैमध्ये 'नेटहॅक' अवतरला. दूरदूरच्या हौशी मंडळींनी संगणकांच्या जाळ्यावरून एकमेकांशी विचारविनिमय करून तो वाढविला आणि जगाला फुकट वाटला.

मग बाजार आला. २००८ च्या जुलैत ॲपलने आपले ॲपचे दुकान उघडले. २००९ च्या जूनमध्ये खेळाच्या आतच वस्तू विकण्याची सोय केली. आरंभी ती विकतच्या ॲपपुरती होती. ऑक्टोबरात फुकटच्या ॲपनाही मिळाली. २०११ साली गूगलने तीच वाट धरली. फुकट खेळ द्यावा आणि आत गल्ला ठेवावा, ही रीत तेथून रूढ झाली. मुलांनी पालकांच्या नकळत केलेल्या अशा खरेद्यांपायी २०१४ च्या जानेवारीत ॲपलला अमेरिकन सरकारशी समझोता करून किमान ३ कोटी २५ लक्ष डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले. जिथे पुनर्जन्म विकावयाचा असतो, तिथे मरण वारंवार यावे अशीच रचना करण्याचा मोह विक्रेत्यास होणार, हे माझे मत मी लपवीत नाही.

मग भाच्याला द्यावे तरी काय? दुकानाच्या पानावरील 'ॲपमध्ये खरेदी' ही पाटी पाहावी हे खरे. परंतु तेवढ्याने निवाडा होत नाही. ओलेग डोल्या याने २०१२ मध्ये 'पिक्सेल डंजन' हा खेळ अँड्रॉइडवर आणला आणि २०१४ मध्ये त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. तिच्यावरून इव्हान डेबेनहॅम याने 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' रचला. अँड्रॉइडवर तो फुकट आहे, जाहिराती नाहीत. कर्त्यास देणगी देण्याची सोय आहे, पण देणगीने तलवारीला धार चढत नाही. उलट 'डेड सेल्स' आधी विकत घ्यावा लागतो, आणि त्याचे पुढील भाग आत निराळे विकले जातात. तेही मला गैर वाटत नाही, कारण तिथे अधिक खेळ विकला जातो, जीवदान नव्हे. 'स्ले द स्पायर' हा पत्त्यांचा खेळ एकदाच पैसे घेतो व गप्प बसतो. जुन्या परंपरेचे अभिमानी त्यास अस्सल वंशज मानणार नाहीत. २००८ साली बर्लिन येथे त्यांनी अस्सलपणाची लक्षणेही ठरविली आहेत. मी तेवढा सोवळा नाही.

पाटीवर काय विकावयास ठेवले आहे याची यादी वाचावी, आणि इंटरनेट बंद करून एक डाव खेळून पाहावा. नेट नसताना जो खेळ अडून बसतो, त्याचा गल्ला बहुधा आतच असतो.

भाच्यास मी शॅटर्ड दिला. पहिल्याच दिवशी तो अकरा वेळा मेला व मजवर रुसला. गंमत अशी की, त्यातही सव्वीसाव्या मजल्यावर तोच येंडरचा ताईत आहे. सुट्टी संपता संपता तो पाचव्या मजल्यावर पोहोचला. तिथे चिकट गोळ्यासारखा एक राक्षस वाट अडवितो. बसस्टँडवर पिशवी खांद्याला अडकवीत तो म्हणाला, "मामा, तो फुगायला लागला की मागे सरायचं. मी आता ओळखलंय त्याला."