आकडे, आलेख आणि निर्णय : ‘चॅलेंजर’ दुर्घटनेच्या पूर्वसंध्येचा अभ्यास

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत ‘व्यावसायिक संप्रेषण’ हा विषय आता चांगलाच रुळला आहे. त्यातील दृक् साधनांचे प्रकरण शिकविताना स्तंभालेख, वृत्तालेख, रेषालेख असे प्रकार आणि त्यांचे फायदे-तोटे सांगितले जातात. विद्यार्थी ते पाठ करतात व परीक्षेत लिहितात. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे हे प्रकरण असेच शिकविले आहे. परंतु चित्र चुकले तर नेमके काय बिघडते, हा प्रश्न त्यात कोठेच येत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे झाल्यास २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत झालेल्या एका दूरध्वनी-बैठकीकडे वळावे लागते. ही बैठक एक कंत्राटदार कंपनी व तिचा ग्राहक यांच्यात झाली होती. म्हणूनच ती अवकाशविज्ञानाइतकीच आपल्याही विषयाच्या कक्षेत येते.

बैठकीची पार्श्वभूमी

युटा राज्यातील मॉर्टन थायोकोल ही कंपनी ‘नासा’ या संस्थेसाठी अवकाशयानाचे घन इंधनाचे अग्निबाण तयार करीत असे. हे अग्निबाण अनेक भाग एकमेकांस जोडून उभे केले जात. प्रत्येक सांध्यातून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून तेथे सुमारे पाव इंच जाडीच्या दोन रबरी कड्या, म्हणजेच ओ-रिंग, बसविलेल्या असत. थंडीत रबर ताठरते व दाबले गेल्यानंतर पूर्वस्थितीत येण्यास वेळ घेते. ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार असल्याचा अंदाज आला. रॉजर बॉइजोली, आर्नी थॉम्पसन प्रभृती अभियंत्यांना याची चिंता वाटली आणि ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा (सुमारे १२ अंश सेल्सिअस) कमी तापमानात उड्डाण करू नये, अशी शिफारस कंपनीने केली.

ही शिफारस पटवून देण्यासाठी अवघ्या काही तासांत तेरा पाने तयार झाली. त्यांतील बरीचशी हातानेच लिहिलेली होती. ती फॅक्सने अलाबामा व फ्लोरिडा येथे पाठविण्यात आली.

तेरा पानांत काय होते?

एका पानावर पूर्वीच्या उड्डाणांत ओ-रिंगांना झालेल्या इजेचा तक्ता होता, पण त्यात तापमानाचा स्तंभच नव्हता. दुसऱ्या पानावर तापमाने होती. मात्र तेथे जमिनीवरील चार चाचण्या, दुसऱ्या दिवसाचे अपेक्षित तापमान आणि प्रत्यक्षात झालेल्या उड्डाणांपैकी केवळ दोनच नोंदली होती. एक होते जानेवारी १९८५ चे, ५३ अंशांवरील, तर दुसरे ऑक्टोबर १९८५ चे, ७५ अंशांवरील. दोन्ही उड्डाणांत वायूची गळती आढळली होती. भरीस भर म्हणजे एकाच उड्डाणाला ‘नासा’चा एक क्रमांक आणि कंपनीचा दुसराच. वाचणाऱ्याने इजा एका पानावरून घ्यावयाची, तापमान दुसऱ्या पानावरून आणि दोहोंची सांगड मनातल्या मनात घालावयाची, अशी ही रचना होती.

त्यामुळे ‘नासा’च्या अधिकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप वरकरणी तर्कशुद्ध होता. थंडीतही गळती होते व उबदार हवेतही होते. मग तापमानाचा संबंध सिद्ध कसा होतो? कंपनीने आपसांत विचारविनिमयासाठी वेळ मागून घेतला. हा विचारविनिमय सुमारे अर्धा तास चालला. थॉम्पसन यांनी कागदावर सांध्याची आकृती काढून दाखविली. बॉइजोली यांनी दोन्ही उड्डाणांनंतर घेतलेली छायाचित्रे टेबलावर मांडली. थंडीतील उड्डाणात कड्यांमधील ग्रीस काळेकुट्ट झाले होते, तर उबदार हवेतील उड्डाणात ते करडे होते. म्हणजे गळती दोन्ही वेळा झाली असली तरी तिची तीव्रता सारखी नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या रात्रीचा सर्वांत बोलका दृक् पुरावा हाच होता. परंतु दूरध्वनीच्या पलीकडील माणसांना तो दिसणे शक्य नव्हते आणि अलीकडील वरिष्ठांनी त्याची दखल घेतली नाही. अखेरीस चार व्यवस्थापकांनी शिफारस फिरविली. त्या निर्णयात अभियंत्यांना मत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान उडाले व ७३ सेकंदांत नष्ट झाले. शाळाशिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ यांच्यासह सातही जण मृत्युमुखी पडले.

न दाखविलेली उड्डाणे

चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने जून १९८६ मध्ये अहवाल सादर केला. त्यात दोन आलेख शेजारी-शेजारी आहेत. पहिल्यात केवळ इजा झालेली उड्डाणे आहेत आणि तो पाहून काहीच उमगत नाही. दुसऱ्यात इजा न झालेली उड्डाणेही आहेत आणि चित्र एकदम पालटते. ६६ अंश वा त्याहून अधिक तापमानातील २० उड्डाणांपैकी केवळ ३ उड्डाणांत इजा आढळते, तर ६३ अंश वा त्याहून कमी तापमानातील चारही उड्डाणांत ती आढळते. हे दोन आलेख वर्गात दाखविल्यावर विद्यार्थी प्रथम गोंधळतात. जेथे काही घडलेच नाही ते कशाला मांडावयाचे, असे त्यांना वाटते. हिशेबात शून्यालाही जागा असते, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागावे, याचे नवल वाटते.

एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ मधील ‘व्हिज्युअल एक्स्प्लनेशन्स’ या ग्रंथात हीच माहिती तापमानाच्या क्रमाने मांडली आणि सदोष मांडणीचा ठपका अभियंत्यांवर ठेवला. त्यांचे हे विवेचन पाठ्यपुस्तकांतून मोठ्या प्रमाणावर उद्धृत होते. मात्र ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. वेड रॉबिसन यांनी स्वतः बॉइजोली व अन्य दोघांसह २००२ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यावर गंभीर आक्षेप घेतले आहेत. टफ्टी यांनी हवेचे तापमान व कड्यांचे तापमान यांची गल्लत केली. शिवाय हवी ती सर्व आकडेवारी त्या रात्री अभियंत्यांच्या हाती नव्हती, असे ते दाखवितात. हा आक्षेप रास्त वाटतो. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या रात्री अभियंत्यांवर येऊन पडली होती. अशा बैठकीत उत्तम आलेखही कितपत टिकला असता, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. तरीही इजा आणि तापमान एकाच पानावर असती, तर तो आक्षेप इतक्या सहज घेता आला नसता, एवढे निश्चित.

‘कोलंबिया’ची पुनरावृत्ती

सतरा वर्षांनंतर फॅक्सची जागा पॉवरपॉइंटने घेतली होती. जानेवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यान उडताना त्याच्या डाव्या पंखावर फेसाचा तुकडा आदळला. बोइंगच्या अभियंत्यांनी केलेल्या विश्लेषणाच्या एका पडद्याचे शीर्षक दिलासा देणारे होते. प्रत्यक्ष आघात हा चाचण्यांच्या मर्यादेच्या फार पलीकडचा आहे, ही बाब मात्र तळाशी, लहान अक्षरांत दडली होती. चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा होता, तर प्रत्यक्षातील १,९२० घन इंचांचा अंदाजिला होता. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा अंत झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या एका पडद्याचे ओळीनिहाय विश्लेषण छापलेले आहे. तांत्रिक निबंधांऐवजी पॉवरपॉइंटच्या पडद्यांचा सर्रास होणारा वापर हे ‘नासा’तील तांत्रिक संप्रेषणाच्या सदोष पद्धतीचे उदाहरण होय, असे मंडळाने त्यात नोंदविले आहे.