काठीऐवजी वेळ

१८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजाने दंगल करून तिला विरोध केला. २००१ च्या केंद्रीय नियमांनी मारण्याऐवजी निर्बीजीकरण व रेबीजची लस हा मार्ग घालून दिला. कायद्यातून मार गेला. घरातून गेला आहे का?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या घरात रस्त्यावरचे पिल्लू येते, लादीवर शी करते आणि मार खाते. ‘घाण करते’ म्हणून पुन्हा रस्त्यावर जाते.

१८९८ साली अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवर व कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कृतीपाठोपाठ समाधान मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, असे त्यांना दिसले. पाठोपाठ हा शब्द महत्त्वाचा. तासाभराने मारले तर पिल्लाला कारण कळत नाही. ते फक्त माणसाला भिते आणि लपून शी करू लागते.

म्हणून झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर त्याला लगेच ठरावीक जागी न्यावे. काम होताच पोळीचा तुकडा द्यावा. घरातील डाग वास जाईपर्यंत धुवावा, कारण वासावरून ते तीच जागा पुन्हा शोधते.

विद्यार्थ्यांना आठवडाभर खाण्याच्या व शीच्या वेळांची नोंद ठेवायला सांगा. तक्ताच बाहेर नेण्याची वेळ सांगेल.