कोविडमागून आलेली बुरशी

२०२१च्या उन्हाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडपासून खेड्यापाड्यांपर्यंत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. नाव फसवे होते. काळी पडते ती बुरशी नव्हे, रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती. चर्चा झाली नाक-डोळे पोखरणाऱ्या म्युकरची. फुफ्फुसांत शिरणारा अ‍ॅस्परजिलस मात्र बहुधा न्यूमोनियाच्याच छायेत दडून राहिला.

जून २०२०मध्ये ब्रिटनमधील चाचणीने दाखवले, की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गंभीर कोविड रुग्णांचे प्राण वाचवते. पण तेच प्रतिकारशक्ती दडपते, रक्तातील साखर वाढवते. मधुमेहींच्या या देशात बुरशीला आणखी काय हवे होते?

मे २०२१मध्ये केंद्राने म्युकरची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. आधार होता १८९७चा साथरोग कायदा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला! तोवर अ‍ॅम्फोटेरिसिन-बी दुर्मीळ झाले होते.