फाओची चढाई (१९१४)

फाओची चढाई : पहिल्या महायुद्धात तुर्की मुलखाच्या किनाऱ्यावर जहाजांतून पायदळ उतरवून झालेली ब्रिटिश हिंदी लष्कराची मोहीम. फाओ हे आजच्या इराकमधले शत्-अल्-अरब नदीच्या मुखावरचे ठाणे. तेथे तारघर होते, वर आबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. इंग्रजांचा जीव त्या तेलात अडकलेला.

६ व्या पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली. तिच्या चार पलटणींत ११७ वी मराठा पलटण होती. तुर्कस्तान अजून युद्धात उतरलेला नव्हता, म्हणून ब्रिगेडियर डेलामेन यांच्या हुकमतीखालचे हे सैन्य बहारीनच्या समुद्रात जहाजांवरच थांबले. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्या दिवशी ‘ओडिन’ या युद्धनौकेने फाओच्या तोफा बंद पाडल्या आणि सुमारे ६०० जण किनाऱ्यावर उतरले.

खरी कसोटी पुढे, नदीतून वर सानिया येथे लागली. तेथे धक्का नव्हता. खास बांधणीच्या उतारनौका तेव्हा नव्हत्याच. माणसे, खेचरे, तोफा, दाणागोटा सारे होड्यांतून काढून निसरड्या गाळाच्या काठावर चढवायचे. अशा वेळी शिपाई ना धड बोटीत ना धड जमिनीवर, आणि शत्रूला तेवढीच संधी हवी असते. फाओच्या चढाईच्या आठवड्यातच पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर उतरलेल्या हिंदी फौजेचा पुरता बोजवारा उडाला. इराकमध्ये तसे झाले नाही, याचे बरेचसे श्रेय फाओतल्या दुबळ्या बंदोबस्तालाही द्यावे लागते.

१७ नोव्हेंबरला साहिलची लढाई पावसाने झालेल्या चिखलात झाली. २२ ला सैन्य बसऱ्यात पोचले; काही तुकड्या आगबोटींनी, बाकीचे रात्रभर पायी. येथवरचे यश इतके सोपे वाटले की वरिष्ठांना बगदादचे वेध लागले. त्याची किंमत शिपायांनी मोजली : ११७ वी पलटण डिसेंबर १९१५ पासून टायग्रिस नदीवरच्या कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली व २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील साऱ्या सैन्याबरोबर शरण गेली.

१९२२ च्या लष्करी फेररचनेत ही ११७ वी पलटण ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी, ‘रॉयल’ बिरुदाची पलटण झाली.