एकविसावा रकाना

२१ एप्रिल २०१०. मॅकॅफीच्या अँटिव्हायरसचे रोजचे अपडेट निघाले. त्यात विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल विषाणू ठरली. अपडेट जिथे पोचले तिथले संगणक बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. मॅकॅफीचे तेव्हाचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कुर्ट्झ. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह क्राउडस्ट्राइक ही सायबर सुरक्षेची कंपनी काढली.

२८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सर या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांना खुली झाली. फाल्कन घरच्या संगणकात सहसा नसते. विमान कंपन्या, बँका, रुग्णालये ते विकत घेतात. विंडोजच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून ते चालते. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभ्यातला ड्रायव्हर चुकला तर डेटाची नासाडी टाळण्यासाठी विंडोज सगळेच काम थांबवते. पडदा निळा होतो (नव्या विंडोज ११ मध्ये २०२५ पासून काळा).

या आवृत्तीत एका नव्या प्रकारच्या हल्ल्याची तपासणी घातली होती. तिच्या व्याख्येत २१ बाबी होत्या. तपासणी करणाऱ्या कोडला प्रत्यक्षात २०च पुरवल्या जात होत्या. हा फरक कुणाच्या नजरेस आला नाही.

५ मार्च. नव्या तपासणीवर ताण देऊन चाचणी झाली. एकविसाव्या बाबीच्या जागी 'काहीही चालेल' असे खूणचिन्ह होते, त्यामुळे ती वाचायची वेळच आली नाही. चाचणी पार पडली. त्याच दिवशी, नेमके काय शोधायचे ते सांगणारा पहिला नियम ग्राहकांच्या संगणकांवर गेला.

८ ते २४ एप्रिल. आणखी तीन नियम गेले. एकविसाव्या जागी तेच चिन्ह. सगळे सुरळीत चालले, आणि सुरळीत चालले म्हणूनच पुढच्या नियमावरही विश्वास बसला.

एक निर्णय मात्र याहून जुना होता, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडला तो हाच. सेन्सरची नवी आवृत्ती लगेच घ्यायची की एक-दोन पायऱ्या मागे राहायचे, हे ग्राहक ठरवू शकत असे. नियमांच्या फायलींना ही सोय नव्हती. त्या जगभर एकदमच जात. आधी थोड्या संगणकांवर, मग बाकीच्यांवर, अशी टप्प्याटप्प्याची रीत त्यांना लावलेली नव्हती.

शुक्रवार, १९ जुलै, भारतीय वेळेनुसार पहाटे ३.२६. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचा मध्य अमेरिकेतला विभाग बिघडला. हा बिघाड क्राउडस्ट्राइकच्या बिघाडाहून वेगळा होता. पण पुढे दिवसभर दोन्हींची गल्लत होत राहिली आणि सुरुवातीला दोष मायक्रोसॉफ्टच्याच माथी गेला.

सकाळी ९.१५. मुंबईत शेअर बाजार उघडला. भारतातली कार्यालये कामाला लागत होती. सिडनीत दुपारचे पावणेदोन वाजले होते.

अहमदनगर जिल्ह्यात (अहिल्यानगर हे नाव तेव्हा अमलात यायचे होते) शिर्डीच्या गुरुपौर्णिमा उत्सवाला एक दिवस उरला होता. पौर्णिमा रविवारी, २१ तारखेला होती. कोपरगाव तालुक्यात काकडीला जिल्ह्याचा विमानतळ आहे. तिथे इंडिगोचीही विमाने उतरतात.

सकाळी ९.३९. टेक्सासमधल्या ऑस्टिनला, क्राउडस्ट्राइकच्या मुख्यालयी, गुरुवारची रात्र होती : ११ वाजून ९ मिनिटे. २९१ क्रमांकाच्या फाइलीतून दोन नवे नियम निघाले. त्याआधी ते तपासणाऱ्या प्रणालीतून गेले होते. तिच्यातच दोष होता. तिने दोन्ही नियम पास केले.

त्यांतल्या एकाने एकविसाव्या बाबीत पहिल्यांदाच नेमके मूल्य मागितले. वीस रकान्यांच्या नोंदवहीत एकविसावा रकाना वाचायला सांगावा, तसे झाले. ड्रायव्हर मेमरीतल्या आपल्या नसलेल्या जागेत वाचायला गेला.

९.३९ नंतर. निळा पडदा, त्यावर उदास चेहऱ्याची खूण, आणि खाली बिघडलेल्या ड्रायव्हरचे नाव : सीएसएजंट.सिस. संगणक आपोआप पुन्हा सुरू होई. हा ड्रायव्हर विंडोज उभे राहत असतानाच चढतो, त्यामुळे तीच फाइल पुन्हा वाचली जाई आणि पडदा पुन्हा निळा होई.

१०.४०. बंगळुरू विमानतळावर नॅव्हिटेअर ही चेक-इनची प्रणाली कोलमडली. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस या चारही कंपन्या त्याच प्रणालीवर होत्या.

१०.५७. क्राउडस्ट्राइकने सदोष फाइल मागे घेतली. मधे ७८ मिनिटे गेली होती. ज्यांचे संगणक या वेळात बंद होते ते वाचले. जे पडले होते त्यांना मागे घेण्याचा सहसा उपयोग झाला नाही, कारण दुरुस्त फाइल नेटवरून यायची आणि संगणक नेटपर्यंत पोचायच्या आतच पडत होता.

दुपार. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरूच्या विमानतळांवर रांगा लांबल्या. छापील कोऱ्या बोर्डिंग पासवर कर्मचारी पेनाने नाव, विमान क्रमांक आणि आसन लिहून देऊ लागले. दिल्लीत विमानांची माहिती पांढऱ्या फळ्यावर लिहिली गेली.

३.१५ च्या सुमारास. जॉर्ज कुर्ट्झ यांचा संदेश आला : हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे, दुरुस्ती पाठवली आहे.

पण पडलेल्या संगणकांची दुरुस्ती माणसाच्या हाताने व्हायची होती. संगणक मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या सेफ मोडमध्ये आणायचा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, मग सिस्टिम ३२, मग ड्रायव्हर्स, मग क्राउडस्ट्राइक या फोल्डरपर्यंत जायचे. 'सी-०००००२९१'ने सुरू होणारी फाइल पुसायची आणि संगणक पुन्हा चालू करायचा. एका संगणकाला काही मिनिटे लागत. मोठ्या कंपनीत असे हजारो. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की द्यावी लागे, प्रत्येक संगणकाची वेगळी. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोही पडलेला होता. सुरक्षेसाठी लावलेल्या कुलपाने दुरुस्तीला आलेल्यालाच बाहेर ठेवले.

संध्याकाळ. इंडिगोची रद्द उड्डाणे दोनशेच्या घरात गेली. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनने 'अतिगंभीर' श्रेणीची सूचना काढली. सरकारी संगणकसेवा सांभाळणाऱ्या एनआयसीचे जाळे शाबूत असल्याचे केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली होती.

शनिवार, २० जुलै, पहाटे ३. विमानतळांवरच्या विमान कंपन्यांच्या प्रणाली या वेळेपासून नीट चालू लागल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितले. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला : ८५ लाख संगणक, म्हणजे जगातल्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहून कमी. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सला सावरायला आणखी काही दिवस लागले. तिची सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली.

६ ऑगस्ट. क्राउडस्ट्राइकने मूळ कारणाचा अहवाल काढला. एकवीस आणि वीस यांतला फरक त्यात लिहिलेला आहे. २४ सप्टेंबरला कंपनीचे वरिष्ठ अधिकारी ॲडम मेयर्स यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे माफी मागितली. नियमांच्या फायली आता टप्प्याटप्प्याने जातात.

नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावातल्या पतसंस्था, साखर कारखाने आणि रुग्णालयांच्या संगणकांत फाल्कन असेलच असे नाही. ड्रायव्हर मात्र प्रत्येकात आहेत, प्रिंटरचे, ग्राफिक्सचे, अँटिव्हायरसचे. तेव्हा या आठवड्यात एवढे कराच. बिटलॉकर चालू असलेल्या प्रत्येक संगणकाची ४८ अंकी की कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. नवा ड्रायव्हर आधी एकाच संगणकावर घाला, दोन दिवस पाहा, मग बाकीच्यांवर घाला. आणि पडदा निळा किंवा काळा होऊन बिघाडाची सूचना आलीच तर संगणक घाईने बंद करू नका. खाली आलेल्या फाइलीच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दुरुस्तीला येणाऱ्याला दाखवा.